पोट खोटं बोलत नाही

"सिस्टर, माणूस खोटं बोलतो, चेहराही खोटं बोलतो. पोट खोटं बोलत नाही," असं म्हणून देवस्थळीने माझ्या हातात तो पट्टा दिला. चार बोटं रुंद, करडा, आतून गार. बाळंतिणीच्या पोटाला बांधतात त्यातलाच प्रकार, फक्त आतल्या बाजूला मसुराएवढ्या बारा टिकल्या. कातडीला लागून बांधायचा आणि ड्यूटी संपेपर्यंत काढायचा नाही.

मी एस्तेर भोरे. मिरजेतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात एकतीस वर्षं नर्स आहे, त्यातली शेवटची नऊ तळमजल्यावरच्या वॉर्डाची इन्चार्ज. कागदोपत्री त्याचं नाव दीर्घ शुश्रूषा विभाग. मणका मोडलेले, लकवा मारलेले, वर्षानुवर्षं पडून असलेले चौदा पेशंट. त्यांना कुशीवर वळवायचं, भरवायचं, धुवायचं, पाठीला पडलेल्या जखमा बांधायच्या, हे आमचं काम. वरच्या मजल्यावरची माणसं लिफ्टमध्ये आमच्या शेजारी उभी राहिली की श्वास जरा बेताने घेतात. मी मुद्दाम त्यांच्याकडे बघून हसते.

देवस्थळी मोजणी खात्याचा. तिशीचा, पुण्याचा, बुटांचे बंद नीट बांधणारा, आणि सांगायला वाईट वाटतं, पण मनाने चांगला. वाईट असता तर पुढचं सगळं सोपं झालं असतं. त्याने वॉर्डातल्या सगळ्यांना गोल बसवून समजावून सांगितलं.

आजवर कुठल्या उपचाराला किती माणसं, किती वेळ, किती कष्ट लागतात, हे मोठ्या डॉक्टरांच्या समित्या ठरवायच्या. त्यामुळे शस्त्रक्रियेचं मोल डोंगराएवढं आणि पेशंटचं ढुंगण धुण्याचं शून्य. आता सरकारी आरोग्य योजनेने ठरवलं होतं की ऐकीव काही नको, काम करणाऱ्याच्या शरीराला काय पडतं ते मोजायचं. वेळ मोजणं सोपं. पाठीवर किती ताण आला तेही सोपं. अवघड होतं ते तिसरं. आमच्यासारख्या वॉर्डात माणसं टिकत नाहीत, ती पाठदुखीने नाही, किळस येऊन पळतात. मग किळस हाही खर्चच की! तो कसा मोजायचा?

"आपल्या जठराला स्वतःची लय असते," देवस्थळी म्हणाला. "मिनिटाला साधारण तीन लाटा. झोपेतसुद्धा. किळस आली की ती लय मोडते. तुम्ही हसत असाल, छान बोलत असाल, तरी आत मोडते. पट्टा ती विजेची लाट कातडीवरून वाचतो. वेळ, ताण आणि किळस, तिन्ही मिळून शंभरपैकी एक आकडा येतो. त्याला आम्ही भार म्हणतो. ज्या सेवेचा भार जास्त, तिला योजना जास्त हात मंजूर करणार."

प्रत्येक खाटेच्या गादीतही टिकल्या बसवल्या होत्या. पेशंटला कधी वळवलं, कधी धुतलं, सगळं गादी सांगायची. त्या वेळी जो पट्टा सगळ्यात जवळ, ती सेवा त्याच्या नावावर.

मला, खरं सांगते, भरून आलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी म्हणत होतं की तुमच्या पोटात ढवळतं त्याचीही किंमत आहे. मी त्याला वॉर्डातला चांगला कप काढून चहा दिला.

मग माती खाल्ली ती मीच.

मोजणी पंधरा दिवस चालणार होती. देवस्थळीने दहादा बजावलं, नेहमीसारखंच काम करा. आम्ही एकमेकींकडे बघून हसलो. तपासणीला येणारा प्रत्येक माणूस हेच म्हणतो. आमच्याकडे तपासणी म्हटलं की हात आपोआप चालू लागतात. कपाटातल्या नव्या चादरी निघतात, फाटक्या माळ्यावर जातात, आणि सगळ्यात अवघड खाटेवर सगळ्यात चांगलं माणूस उभं राहतं. आलेल्याला घाण दिसता कामा नये, धावपळ दिसता कामा नये, नुसता वॉर्ड दिसला पाहिजे. अशा शंभर तपासण्या मी काढल्या असतील आणि एकीतही शेरा बसू दिला नाही.

म्हणून पंधराही दिवस सात नंबरच्या खाटेवर मी हौसाक्काला लावलं.

हौसाक्का वायदंडे आमच्या वॉर्डातली सगळ्यात जुनी मावशी. छप्पन्न वर्षांची, अंगाने काटक, हात मात्र गड्यासारखे. तिने एखाद्याला कुशीवर घेतलं की घेतलेलं कळत नसे. नाक मुरडणं तिला माहीतच नव्हतं. बेडसोरमध्ये बोट घालून पू साफ करताना ती पेशंटशी बेळगावच्या बहिणीबद्दल बोलत असायची.

आणि सात नंबरला दमयंतीबाई शिराळकर. वय एकसष्ट, कोर्टात लघुलेखक होत्या. गच्चीवरच्या टाकीचं झाकण बघायला चढल्या आणि शिडीसकट खाली आल्या. मानेखाली काही उरलं नाही. जीभ, नाक आणि डोकं मात्र शाबूत. पाठीच्या शेवटाला बेडसोर, तेव्हा रुपयाच्या नाण्याएवढा. मागे पुढे कुणी नाही, एक भाचा आहे तो दिवाळीला फोन करतो.

महिन्याने निकाल आला. आमच्या वॉर्डात पेशंटला धुणं आणि बेडसोर बांधणं या सेवेचा भार होता शंभरपैकी तीन.

"तीन?" मी फोनवर ओरडले. "तीस म्हणायचंय का तुम्हाला?"

"नाही सिस्टर, तीनच. तुमच्याकडे हे काम फार सहज होतं. कुणाच्या पोटात काही हलत नाही."

"आणि सहाव्या मजल्यावर पोटाची चरबी काढतात त्याचा किती?"

खोटं बोलणं त्याला जमत नव्हतं. "एक्केचाळीस. तिथल्या डॉक्टरांना त्यांच्या पेशंटची बरीच किळस येते असं दिसतं. पट्टा कारण विचारत नाही."

तीनला किती हात मिळणार? एका पाळीला चार मावश्या होत्या, त्यांची एक झाली. एकटीने चौदा जणांना दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं म्हणजे गंमत आहे का? दोन तासांचे चार झाले, चाराचे सहा. पावसाळा संपेपर्यंत दमयंतीबाईंचा बेडसोर तळहाताएवढा झाला होता आणि तळाशी हाड पांढरं दिसू लागलं होतं. ताप चढउतार करत होता. मी तक्रार केली, अर्ज केले, मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन टेबल बडवलं. शेवटी योजनेने फेरमोजणी मंजूर केली. एकच दिवस, एकच खाट, सकाळी दहा वाजता. खाट मी निवडायची. मी सात नंबर लिहून दिला.

आदल्या आठवड्यात मी हौसाक्काला भांडारात बोलावलं आणि दार लावलं.

"अक्का, तुला किळस यायला पाहिजे," मी म्हटलं.

"कशाची?"

"कामाची. पोटात ढवळून आलं पाहिजे. त्याशिवाय आकडा चढत नाही."

तिने पदर खोचला. मग म्हणाली, "बाई, येतच न्हाई तर कुठनं आणू? उसनी मिळती का कुठं?"

"पहिल्यांदा कामाला लागलीस तेव्हा येत होती की नाही?"

"येत हुती की. दोन म्हैने जेवान ग्येलं नव्हतं. डबा तसाच घरी न्यायची." ती बोळ्यांच्या डब्यावर टेकली. "मग एक म्हातारी हुती बघा, चार नंबरला. मी तिला धुताना तोंड फिरवलं, तर तिनं माजा हात धरला आनि म्हनली, पोरी, माफ कर गं मला. मला माफ कर म्हनली! तिनं काय केलं हुतं? मला लई लाज वाटली. त्या दिवसापास्नं जी ग्येली ती ग्येलीच."

तरी आम्ही प्रयत्न केला. नासलेलं दूध आठव म्हटलं, मेलेली घूस आठव म्हटलं. ती बिचारी डोळे मिटून आठवत बसली. तिचा पट्टा माझ्या मोबाइलला जोडून मी आकडा बघत होते. चार. पाच. परत चार. शेवटी तिलाच हसू फुटलं.

मग मी दुसरा रस्ता धरला. हा भाग मला लिहायचा नव्हता.

स्नेहल ढवळे पंधरा दिवसांपूर्वी, सोडून गेलेल्या एका मावशीच्या जागी, कामाला लागली होती. आधी सांगलीच्या मॉलमध्ये अत्तराच्या काउंटरवर होती, तो बंद पडला. दोन लेकरं, नवऱ्याचं काही खरं नाही. नुसत्या वॉर्डाच्या दारात शिरताना तिचा आकडा वीस व्हायचा. मी फेरमोजणीला तिचं नाव दिलं. पण एवढ्याने माझं समाधान होईना. मला मोठा आकडा हवा होता, पुन्हा कुणी बोट लावू नये असा.

त्या दिवशी सकाळी सहाला हौसाक्का गरम पाण्याचं घमेलं घेऊन सात नंबरकडे निघाली. दमयंतीबाईंना परसाकडला झालं होतं, वास दारापर्यंत येत होता. मी तिला पडद्यापाशी अडवलं.

"दहापर्यंत हात लावायचा नाही."

तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती घमेल्यासकट एक पाऊल पुढे आली. "चार घंटं? बाई, त्या मानूस हायत!"

"मला कळतंय ते."

"कळत आस्तं तर आसं बोलला नसता." घमेलं तिथेच ठेवून ती निघून गेली. पाणी गार होईपर्यंत ते तिथेच होतं.

मी पडद्याआड गेले. दमयंतीबाई छताकडे बघत होत्या.

"एस्तेरबाई, मला खाली काही कळत नाही, पण नाक चालू आहे."

"दहाला माणसं येणार आहेत. मोजायला."

त्यांनी डोळे माझ्याकडे वळवले. फार वेळ लागला नाही त्यांना. तीस वर्षं कोर्टात काढलेली बाई. "अच्छा. म्हणजे मी पुरावा."

मी खाटेला टांगलेला चार्ट हातात घेतला.

"राहू दे मग," त्या म्हणाल्या. "पुरावा जागचा हलवायचा नसतो."

आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. चार तास मी वॉर्डात चार्ट भरत होते, औषधं वाटत होते, आणि दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होते. एकदाही मी उठून त्यांना धुतलं नाही. माझे हात काही बांधलेले नव्हते.

दहाला देवस्थळी आला. स्नेहल आत गेली. पांघरूण काढल्याबरोबर तिच्या घशातून जो आवाज आला तो बाहेर सगळ्यांनी ऐकला. तिने काम पुरं केलं, हे तिचं कौतुक. पण तोंड शक्य तेवढं मागे नेऊन, डोळे बारीक करून, ओठ घट्ट मिटून. मध्ये दोनदा ती बादलीवर वाकली. दमयंतीबाईंचे डोळे आता उघडे होते आणि त्या सारा वेळ तिच्या चेहऱ्याकडेच बघत होत्या. मान वळवता येत नाही त्यांना, बघणार तरी कुठे?

"ब्याऐंशी," देवस्थळी हळूच म्हणाला. "सिस्टर, राज्यात सगळ्यात जास्त. आम्ही तुमच्यावर केवढा अन्याय केला होता!" त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. मला त्याच्या कानफटात द्यावीशी वाटली आणि स्वतःच्या दोन.

वॉर्डाला एका पाळीला सहा मावश्या मिळाल्या. मॅनेजरने पेढे पाठवले. आठवड्याभरात दमयंतीबाईंचा ताप उतरला, दर दोन तासांनी कूस बदलू लागली. मी स्वतःला सांगितलं, झालं ते झालं, चार तासांत सहा माणसं मिळाली.

मग नियमांचा कागद आला. भार आहे म्हणून हात मंजूर झाले, तेव्हा हातांनाही भार पाहिजे. ज्या कर्मचाऱ्याचा आकडा दहाच्या खाली, त्याने केलेली सेवा योजनेच्या लेखी झालेलीच नाही. हौसाक्काचं कंत्राट त्याच शनिवारी संपवलं. सव्वीस वर्षं धुतलेली माणसं, आणि कागदावर तिच्या नावाने एकही सेवा नाही! तिने पट्टा सोडून माझ्या टेबलावर ठेवला, घडी घालून, आणि गेली.

पुढचं कलम आणखी नामी. नव्या माणसाची किळस साधारण तीन महिन्यांत मरते, असं त्यांचंच शास्त्र सांगतं. म्हणून ज्याचा आकडा तीसच्या खाली जाईल त्याची बदली दुसऱ्या वॉर्डात आणि त्याच्या जागी ताजं माणूस. म्हणजे हात जरा सरावला, पेशंटचं नाव तोंडात बसलं, की चालला. आमच्या वॉर्डात कायम तीच माणसं राहणार ज्यांना पेशंटची शिसारी येते. नाकाखाली बाम लावायला बंदी झाली, कारण बामाने आकडा उतरतो. एक मावशी पेशंटला धुण्याआधी मुद्दाम तासभर थांबते असं माझ्या कानावर आलं. मी तिला झापायला गेले, तर ती शांतपणे म्हणाली, "तुम्हीच तर शिकवलंत, सिस्टर." शेणात तोंड मीच घातलं होतं.

मग दमयंतीबाईंनी जेवण कमी केलं.

आधी रात्रीची पेज परत येऊ लागली, मग दुपारची. तीन आठवड्यांत वजन अठ्ठेचाळीसवरून एक्केचाळीसवर आलं. डॉक्टर म्हणाले नळी घालू. त्यांनी साफ नकार दिला, आणि नकार कसा लिहून घ्यायचा हेही डॉक्टरांना सांगितलं.

मी त्यांच्याशेजारी वाटी घेऊन बसले. "बाई, जखम भरत आलीय. आता जेवण सोडलंत तर सगळं पाण्यात जाईल."

"जे आत जाणार नाही, ते बाहेर येणार नाही," त्या म्हणाल्या. "साधं शास्त्र आहे."

"पण का?"

"एस्तेरबाई, तीस वर्षं मी लोकांच्या साक्षी लिहिल्या. चेहरे वाचायची सवय आहे. त्या पोरींची काही चूक नाही. त्यांना माझी किळस येते, येणारच. पण दिवसातून तीनदा, अर्धा-अर्धा तास, इतक्या जवळून ते वाचायचं? मला मान फिरवता येत नाही हो. डोळे मिटले तर आवाज ऐकू येतो." त्या जरा दमल्या. "हौसाबाई होत्या तेव्हा मला वाटायचं, आपण एक बाई आहोत. आता वाटतं, आपण गटार आहोत. गटाराला कुणी पेज पाजतं का?"

दुसऱ्या दिवशी मी हौसाक्काच्या घरी गेले. मालगाडीच्या यार्डामागच्या गल्लीत ती दारात बसून चिंच फोडत होती. मला बघून उठली नाही. मीच पायरीवर बसले आणि सगळं सांगितलं.

"मला काडलं कुनी?" तिने विचारलं.

"मीच म्हण."

"त्याचं मला काय न्हाई. काम ग्येलं, दुसरं मिळंल. पर तुमी त्यास्नी घानीत ठिवलंसा. चार घंटं." चिंचेवर दगड आपटत ती म्हणाली. "मी आडानी बाई. पर बाई, माज्या आयुष्यात लई घान बगितली, हातानं काडली. तुमच्यासारकी न्हाई बगितली."

मी मान खाली घातली. पोटात काहीतरी सरकलं, आंबट, अगदी घशापर्यंत आलं. तिने चिंचेचे हात धुतले, पदराला पुसले आणि चप्पल घातली.

"तुमच्यासाटी येत न्हाई मी," ती म्हणाली.

चार ते सहा भेटीची वेळ. मी पासवर ‘बहीण’ असं लिहिलं. हौसाक्का आत आली, बाही वर सारली, आणि जणू कालच गेली होती तशी दमयंतीबाईंच्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, "काय वो, किती वाळलासा! माज्या बेळगावच्या भैनीगत दिसाय लागलाय." मग तिने त्यांना कुशीवर घेतलं. मी पडदा धरून उभी होते. तिने धुतलं, पुसलं, जखम बांधली, आणि सगळा वेळ बहिणीच्या जावयाची भानगड सांगत होती. दमयंतीबाई हसल्या. मी किती दिवसांनी ऐकलं ते हसणं! मला तिथे उभं राहवेना. जे काम मी एकतीस वर्षं केलं, त्याचा चार तासांत मी काय खेळखंडोबा केला, ते माझ्यासमोर चाललं होतं. मला माझा वास येत होता. खरंच सांगते, माझाच.

त्या संध्याकाळी त्यांनी वाटीभर पेज खाल्ली आणि वर लोणच्याची फोड मागितली.

दुसऱ्या दिवशी देवस्थळीचा फोन. "सिस्टर, काल चार वीसला सात नंबरला सेवा झालीय. गादीची नोंद एकदम उत्तम, अशी नोंद गेल्या दोन महिन्यांत नाही. आणि जवळचा पट्टा तुमचा. भार किती माहितेय? एक्क्याण्णव! ते काम तुम्ही स्वतः केलंत?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"विचारतो अशासाठी, की पट्टा नसलेलं कुणी आत येऊन काम करत असेल तर मला थांबवावं लागेल. भेटीचे पाससुद्धा. पण तुम्हीच करत असाल, तर ती खाट रोज तुमच्या नावावर लावून देतो. अर्थात तीसचा नियम तुम्हालाही आहेच."

"मीच केलं," मी म्हटलं.

"एकतीस वर्षांनंतर एक्क्याण्णव! इतकी किळस वाटत असूनही तुम्ही इतक्या मायेने करता. सिस्टर, तुम्ही ग्रेट आहात."

याला आता अकरा आठवडे झाले. रोज चार वाजता हौसाक्का येते, काम करते, मी पडदा धरून उभी राहते आणि माझ्या पोटाच्या नावावर ते सगळं जमा होतं. दमयंतीबाई शेहेचाळीस किलोंवर आल्या आहेत. बेडसोर आता पुन्हा नाण्याएवढा. परवा त्यांनी मला जेलरची, म्हणजे आमच्या मॅनेजरची, नक्कल करून दाखवली.

आकडा मात्र उतरतोय. एक्क्याण्णवचे ऐंशी झाले, साठ झाले, पन्नास झाले. तीसच्या खाली गेला की माझी बदली, पास बंद, आणि सात नंबरवर पुन्हा ताजं माणूस. म्हणून मी पडद्याशी उभी राहिले की डोळे मिटून ते चार तास आठवते. घमेल्यातलं गार होणारं पाणी आठवते. पुरावा हलवायचा नसतो, हे वाक्य मनात दहादा म्हणते. पहिले काही आठवडे घशाशी आंबट यायचं. आता आठवतं सगळं, येत काही नाही.

काल चौतीस आला. आज काम झाल्यावर हौसाक्काने पिशवीतून चिंचेचा गोळा काढून माझ्या हातावर ठेवला. म्हणाली, "घ्या. घरची हाय."

"अक्का," मी म्हटलं, "त्या दिवशी तुझ्या दारात मला जे बोललीस ना, ते परत बोल."

"काय बोलले हुते?"

"माझ्यासारखी घाण बघितली नाहीस म्हणालीस."

ती ओशाळली. पदराने तोंड पुसत म्हणाली, "जाऊ द्या की वो आता बाई. रागात बोललं मानूस."

"नाही, बोल. उद्या आल्या आल्या बोल. हवं तर शिव्या दे. तशीच बोल, मनापासून."

हौसाक्काने माझ्याकडे नीट बघितलं. तिला आकड्याचं मी कधीच सांगितलं होतं, तिला सगळं कळलं. तिने डोळे मिटले, कपाळाला आठ्या घातल्या, ओठ आवळले. भांडारात त्या दिवशी केला होता तसाच प्रामाणिक प्रयत्न. मग मान हलवली.

"येतच न्हाई वो बाई," ती म्हणाली. "सवय झाली तुमची."

मोबाइलच्या पडद्यावर आजचा आकडा होता एकतीस.